लेखी करार नाही आणि पैसे अडकलेत : छोटे कंत्राटदार व पुरवठादार यांच्यासाठी कायद्याची माहिती

"लिहून काही घेतलेलं नाही, आता काय होणार?" पैसे अडकलेला माणूस वकिलाकडे किंवा कार्यकर्त्याकडे आला की पहिले वाक्य हेच असते. पैसे अडकवणाराही पहिल्या झटक्याला हेच विचारतो, "कागद आहे का तुझ्याकडे काही?" दोघांचाही समज एकच असतो. करारपत्र नाही, म्हणजे हक्क नाही. हा समज चुकीचा आहे, आणि या चुकीच्या समजापोटी दरवर्षी कितीतरी छोटे धंदे बसतात.

गेल्या दोन-तीन दशकांत आपल्या वस्त्यांमधली मुले मोठ्या संख्येने बांधकामाशी संबंधित धंद्यांत आली. सेंटरिंग, फरशी, रंगकाम, नळजोडणी, विटा, खडी-मुरूम, पाण्याचे टँकर, जेसीबी. कोणी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाचे कर्ज काढले, कोणी आईचे दागिने ठेवले, कोणी बचत गटातून उचलले. काम मिळते ते ओळखीवर, आणि ओळखीवर मिळालेल्या कामात कागद मागायला जीभ रेटत नाही. "विश्वास नाही का?" असे समोरचा म्हणेल, पुढचे काम देणार नाही, ही भीती असते. ज्याच्याकडे भांडवल आहे त्याला सहा महिने पैसे नाही आले तरी चालते. ट्रॅक्टरचा हप्ता ज्याच्या डोक्यावर आहे त्याला दोन महिनेही निघत नाहीत. म्हणून ही माहिती आधी त्याच्यासाठी.

तोंडी व्यवहार हाही करारच

भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम १० प्रमाणे सज्ञान व सक्षम माणसांनी, स्वतःच्या मर्जीने, कायदेशीर कामासाठी आणि मोबदल्याच्या बदल्यात केलेली बोली म्हणजे करार. ती कागदावरच असली पाहिजे असे हे कलम म्हणत नाही. जिथे दुसऱ्या एखाद्या कायद्याने लेखी करार सक्तीचा केला आहे, तेवढे व्यवहार सोडून. कलम ९ तर शब्दांचीही सक्ती करत नाही. वागण्यावरून निघणारी संमती चालते. तुम्ही साईटवर विटांच्या गाड्या खाली करत गेलात, समोरचा त्या भिंतीत लावत गेला, दोन वेळा पैसेही दिले. हा करार आहे.

मालाच्या खरेदी-विक्रीसाठी वेगळा कायदा आहे, माल विक्री अधिनियम १९३०. त्याचे कलम ५ स्पष्टच सांगते की विक्रीचा करार लेखी, तोंडी, अर्धा लेखी अर्धा तोंडी किंवा नुसत्या वागणुकीवरूनही होऊ शकतो. दर ठरलाच नव्हता, असा बचाव नेहमी येतो. त्यावर कलम ९ आहे. दर ठरला नसेल तर खरेदीदाराने वाजवी किंमत द्यायची. वाजवी किती, हे त्या वेळच्या बाजारभावावरून ठरते. त्यामुळे त्याच आठवड्यात तुम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकाला काय दराने माल दिला, त्याची बिले इथे कामाला येतात.

"माल खराब होता" हा दुसरा नेहमीचा बचाव. माल ठेवून घेतला, वापरला, वाजवी मुदतीत नाकारल्याचे कळवले नाही, तर कलम ४२ प्रमाणे तो स्वीकारला असे धरले जाते. स्लॅब पडून तीन महिने झाल्यावर, पैसे मागितल्याच्या दिवशीच सळई निकृष्ट होती हे आठवत असेल, तर न्यायालय त्याकडे संशयानेच पाहते.

मात्र एक अडचण आपल्याच बाजूची असते, ती लपवू नये. व्यवहाराचा विषयच बेकायदेशीर असेल तर करार टिकत नाही. रॉयल्टीची पावती व वाहतूक परवाना नसलेली वाळू टाकली असेल, तर तिचे पैसे न्यायालयातून वसूल करणे जवळपास अशक्य होते. वर स्वतःवरच दंडाची पाळी येते. रात्रीच्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या मुलांना हे कोणी सांगत नाही.

मंडल यांचे गुदाम

कागद नसताना काय होऊ शकते, याचे सगळ्यात गाजलेले उदाहरण बंगालमधले आहे. १९४४ साली, दुष्काळाच्या मागोमागच्या दिवसांत, बंगाल प्रांताच्या नागरी पुरवठा खात्याला धान्य साठवायला जागा हवी होती. बी. के. मंडल अँड सन्स या कंत्राटदाराला अधिकाऱ्यांनी आरामबाग इथे कच्चा रस्ता, पहारेकऱ्यांची खोली, कचेरी, स्वयंपाकघर अशी बांधकामे आणि दुसऱ्या ठिकाणी साठवणुकीच्या शेड बांधायला सांगितले. त्याने अंदाजपत्रक दिले, काम पूर्ण केले, खात्याने जागा वापरली. बिल सुमारे १९ हजार रुपयांचे झाले. सरकार म्हणाले, त्या काळच्या घटनात्मक कायद्याप्रमाणे सरकारशी करार विशिष्ट पद्धतीने, लेखीच व्हायला हवा. तसा झालेला नाही, म्हणून करारच नाही आणि पैसेही नाहीत.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेले. डिसेंबर १९६१ मध्ये निकाल लागला. तो लिहिला न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. सरकारचे पहिले म्हणणे बरोबर ठरले, वैध करार झालेलाच नव्हता. तरीही पैसे द्यावे लागले. कारण करार अधिनियमाचे कलम ७०. एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केले किंवा वस्तू दिली, ती फुकट देण्याचा त्याचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्याने तिचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई दिली पाहिजे किंवा वस्तू परत केली पाहिजे. न्यायालयाने एक गोष्ट ठासून सांगितली. समोरच्याला ते काम नाकारायची संधी होती का? होती, आणि तरी त्याने ते घेतले, तर जबाबदारी येते. उगाच कोणाच्या गळ्यात काम घालून पैसे मागता येत नाहीत.

हा निकाल आजही वापरला जातो, आणि तो फक्त सरकारपुरता नाही. खासगी व्यवहारात दावा करताना वकील साधारणपणे दोन्ही गोष्टी मांडतात : मुख्य म्हणणे असे की तोंडी करार झाला होता, आणि तो सिद्ध झाला नाही असे न्यायालयाला वाटले, तरी कलम ७० खाली झालेल्या लाभाचे पैसे मिळावेत. आपला वकील दुसरा मुद्दा घालतो आहे ना, हे विचारून घ्यावे.

ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांची कामे घेणाऱ्यांनी मात्र या निकालाच्या भरवशावर कामे करू नयेत. "साहेब म्हणाले, सुरू करा, वर्क ऑर्डर मागून येईल" हे वाक्य ऐकून नाली बांधली, आणि साहेबांची बदली झाली, तर कलम ७० हाताशी आहे. पण त्यासाठी वर्षानुवर्षे भांडावे लागते. मंडल यांनाही अंतिम निकालासाठी १७ वर्षे लागली.

कागद नाही म्हणता, पण कागद असतोच

करारपत्र नसते, पण व्यवहाराच्या खुणा मागे राहतात. त्या गोळा करणे हे खरे काम, आणि ते वाद सुरू होण्याआधीच केलेले बरे. वाद पेटला की सुपरवायझर ओळख दाखवत नाही आणि गेटवरची वही हरवते.

सर्वांत वजनदार पुरावा म्हणजे साईटवरच्या माणसाची सही असलेले डिलिव्हरी चलन. गाडी क्रमांक, तारीख, किती ब्रास किंवा किती नग, आणि घेणाऱ्याचे नाव वाचता येईल असे. नुसता फराटा नको. त्याच्या जोडीला वजनकाट्याची पावती, ई-वे बिल, रॉयल्टीची पावती. मजुरीच्या किंवा कामाच्या कंत्राटात मोजमापाचा कागद. फरशीवाला असो की गिलाव्यावाला, आठवड्याला मोजमाप करून त्यावर साईट इंजिनीअरची सही घ्यायची सवय लावली, तर निम्मे वाद उभेच राहत नाहीत.

बरेच जण दोन पुरावे विसरतात, आणि ते समोरच्याने स्वतःच्या हाताने तयार केलेले असतात. पहिला जीएसटीचा. तुम्ही पक्के बिल दिले, ते विवरणपत्रात दाखवले, आणि समोरच्याने त्या बिलावरचा कर स्वतःच्या करातून वजा करून घेतला, तर माल मिळालाच नव्हता असे म्हणणे त्याला फार अवघड जाते. उलट बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेली ती वजावट त्याला व्याजासह परत करावी लागते. दुसरा पुरावा टीडीएसचा. कंत्राटदाराने तुमच्या नावावर कर कापून भरला असेल तर तो तुमच्या २६एएस मध्ये दिसतो. किती रकमेवर कापला, हेही दिसते. ती रक्कम म्हणजे त्याच्या हिशोबात तुम्ही केलेले काम. आयकराच्या संकेतस्थळावरून हा कागद पॅन क्रमांकाने काढता येतो.

मग व्हॉट्सॲप. "उद्या २ गाड्या पाठव", "बिल पाठव", "पुढच्या सोमवारी करतो" हे संदेश म्हणजे मागणी, स्वीकार आणि बाकीची कबुली. पण फोनमधला स्क्रीनशॉट छापून नेला की झाले, असे नाही. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ चे कलम ६३ इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या प्रतीसोबत विहित नमुन्यातले प्रमाणपत्र मागते. १ जुलै २०२४ पासून तो लागू आहे. त्याआधी जुन्या कायद्याचे कलम ६५ब होते. ही अट किती कडक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात स्पष्ट केले. तो वाद जालना मतदारसंघाच्या निवडणुकीचा होता, पण नियम सगळ्यांना लागतो. म्हणून जुना फोन विकू नका, नंबर बदलू नका, संभाषण पुसू नका. बिल जमेल तितके ईमेलनेही पाठवा.

खातेवहीबद्दल एक सूचना. रोजच्या रोज, क्रमाने लिहिलेली वही पुरावा म्हणून चालते. मात्र केवळ तुमच्या वहीतल्या नोंदीवरून समोरच्यावर देणे लादता येत नाही. सोबत चलन, बँकेची नोंद, साक्षीदार काहीतरी हवे. एकाच शाईने एकाच बैठकीत लिहिलेली वर्षभराची वही न्यायाधीशांना दुरूनच कळते.

माल कोणी मागवला?

साखळी लांब असते. जागेचा मालक, बिल्डर, मुख्य कंत्राटदार, त्याच्याखालचा पेटी कंत्राटदार, आणि शेवटी तुम्ही. पेटी कंत्राटदार म्हणतो, "मला वरून आले की देतो." लेखी करारात तशी अट असती तर वेगळी गोष्ट. बोलताना तशी अट ठरलेलीच नसेल, तर त्याला वरून पैसे आले की नाही याच्याशी तुमचा संबंध नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. बिल्डरची इमारत उभी राहिली म्हणून बिल्डरकडून पैसे मागता येतातच असे नाही. करार ज्याच्याशी, पैसे त्याच्याकडून. म्हणून बिलावर नाव कोणाचे टाकता, याला फार महत्त्व आहे. साईटच्या नावाने किंवा "भाऊंच्या" नावाने बिल फाडले तर उद्या नोटीस कोणाला पाठवणार?

ऑर्डर सुपरवायझरने फोनवर दिली आणि मालक म्हणतो, त्याला अधिकारच नव्हता. करार अधिनियमाचे कलम २३७ इथे पाहावे. मालकाच्या वागण्यामुळे तुम्हाला खरोखर वाटले की या माणसाला अधिकार आहे, तर मालक बांधला जातो. आधीच्या पाच ऑर्डरी त्याच सुपरवायझरने दिल्या आणि पैसे मालकाच्या खात्यातून आले, हे दाखवता आले की प्रश्न बराचसा मिटतो.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक खड्डा आहे. दोघे-तिघे मित्र मिळून भागीदारीत धंदा सुरू करतात, फर्मचे नाव ठेवतात, बिलबुक छापतात, पण भागीदारी नोंदवत नाहीत. भारतीय भागीदारी अधिनियम १९३२ च्या कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला करारातून निघणाऱ्या हक्कासाठी बाहेरच्या माणसावर दावाच लावता येत नाही. पुरावा कितीही असो. समोरच्या वकिलाचा हा पहिला आक्षेप असतो. नोंदणीला खर्च थोडा येतो. ती करून टाकावी.

तीन वर्षे

"तो नाही म्हणत नाहीये, देतो म्हणतोय." असे म्हणत म्हणत मुदत निघून जाते. मुदत अधिनियम १९६३ प्रमाणे माल दिला आणि उधारीची मुदत ठरली नव्हती, तर माल पोचल्याच्या तारखेपासून तीन वर्षांत दावा करावा लागतो. उधारीची मुदत ठरली असेल तर ती संपल्यापासून तीन वर्षे. केलेल्या कामाच्या पैशांसाठी काम झाल्यापासून तीन वर्षे. प्रत्येक गाडीची मुदत वेगळी चालते, हे लक्षात घ्या. पहिल्या गाडीचे पैसे बुडायच्या बेतात असताना शेवटच्या गाडीला अजून वर्ष असू शकते.

तोंडी "देतो"ने ही मुदत वाढत नाही. ती वाढते दोन गोष्टींनी, आणि दोन्ही तीन वर्षांच्या आत घडाव्या लागतात. एक, देणे लेखी कबूल करून त्याने सही केली तर, कलम १८. दोन, त्याने काही रक्कम भरली आणि त्या भरण्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असली तर, कलम १९. चेकवर त्याची सही असतेच, म्हणून पाच हजारांचा का होईना, चेक घ्यावा. रोख घेतली तर पावतीच्या आपल्या प्रतीवर त्याची सही घ्यावी. दर मार्चअखेर "तुमच्याकडे आमची इतकी बाकी" असे पत्र करून त्यावर सही-शिक्का घेण्याची पद्धत मोठे व्यापारी उगाच पाळत नाहीत.

त्याने अर्धवट रक्कम दिली आणि कोणत्या बिलापोटी दिली हे सांगितलेच नाही, तर? करार अधिनियमाच्या कलम ६० प्रमाणे ती कोणत्या बिलात जमा करायची हे तुम्ही ठरवू शकता, अगदी मुदत संपलेल्या जुन्या बिलातसुद्धा. जुन्यात जमा करा आणि तसे त्याला कळवा.

व्याजासाठीही नोटीस महत्त्वाची आहे. तोंडी व्यवहारात व्याज ठरलेले नसते. व्याज अधिनियम १९७८ प्रमाणे अशा वेळी, व्याज मागणारी लेखी नोटीस दिल्याच्या तारखेपासून न्यायालय व्याज देऊ शकते. नोटीस न देता दोन वर्षे चकरा मारल्या, तर त्या दोन वर्षांच्या व्याजावर पाणी सोडावे लागू शकते. नोटिशीत रक्कम, बिलांच्या तारखा, व्याजाचा दर आणि मुदत लिहायची, आणि पोहोच मिळेल अशा टपालाने पाठवायची. त्यात शिव्या नकोत, "बघून घेऊ" नको.

उद्यम नोंदणीचा उपयोग

छोट्या पुरवठादाराच्या हातातले सर्वांत धारदार हत्यार म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम २००६. गंमत अशी की हा कायदा लेखी करार नसलेल्याला जास्त कडक संरक्षण देतो. करार असेल तर ठरलेल्या तारखेला, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे. करारच नसेल तर माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून १५ दिवसांत. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी आक्षेप घेतला नाही तर माल स्वीकारला असेच धरायचे. उशीर झाला की कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. बँक दर ६ टक्के धरला तर हे १८ टक्के होते. वीटभट्टीवाल्याचे ४ लाख वर्षभर अडकले तर नुसते व्याजच सुमारे ७८ हजार.

तक्रार सुविधा परिषदेकडे करायची असते. त्यासाठी केंद्र सरकारचे समाधान पोर्टल २०१७ पासून सुरू आहे. महाराष्ट्रात या परिषदा विभागवार आहेत. जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी केली की कोणत्या परिषदेकडे जायचे ते कळते. आधी समेटाचा प्रयत्न होतो, नाही जमला तर लवाद. खरेदीदार दिल्लीचा असला तरी परिषद पुरवठादाराच्या ठिकाणची. निकाल विरोधात गेला आणि खरेदीदाराला तो न्यायालयात आव्हानित करायचा असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. इथेच बहुतेक टाळाटाळ करणारे तडजोडीला येतात. कायद्याने परिषदेला ९० दिवसांची मुदत दिली आहे. प्रत्यक्षात ती सर्रास ओलांडली जाते, हेही माहीत असावे.

आता अटी. उद्यम नोंदणी असली पाहिजे, आणि ती व्यवहाराच्या आधीची असलेली बरी. पैसे अडकल्यावर नोंदणी करून मागच्या बिलांसाठी फायदा मागणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०२१ व २०२२ च्या निकालांत नकार दिला. पुढे या प्रश्नावर न्यायालयातच मतभेद झाले. त्या वादात आपला नंबर लावण्यापेक्षा आजच नोंदणी करावी. आधार व पॅन लागतो, पैसे लागत नाहीत. हजार-दोन हजार घेऊन नोंदणी करून देणारे दुकानदार फसवतात. दुसरी अट जास्त बोचणारी आहे. दुकानात सिमेंट, टाइल्स आणून विकणारा नुसता व्यापारी उद्यम नोंदणी करू शकतो, पण उशिराच्या पैशांचे हे संरक्षण त्याला मिळत नाही. ते उत्पादन करणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. माल व मजुरी एकत्र असलेल्या कंत्राटी कामांना हा कायदा लागतो का, यावर न्यायालयांत वेगवेगळे निकाल आहेत. तेव्हा आपला धंदा कशात बसतो हे आधी नीट पाहावे.

२०२३ च्या वित्त कायद्याने आणखी एक दाब आला. सूक्ष्म वा लघु उपक्रमाचे पैसे ठरलेल्या मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापा. समोरच्याचा सीए मार्चमध्ये स्वतःच तुमची आठवण काढेल.

न्यायालय, चेक आणि पोलीस

वाद ३ लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा आणि व्यापारी स्वरूपाचा असेल तर तो व्यापारी न्यायालयाकडे जातो. तातडीचा मनाई आदेश वगैरे मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. २०२२ च्या पाटील ऑटोमेशन निकालाने त्यातून सुटका ठेवलेली नाही. ही मध्यस्थी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत होते. रक्कम कमी असेल तर नेहमीचे दिवाणी न्यायालय. झटपट चालणारा समरी दावा लेखी करारावर किंवा चेक-वचनचिठ्ठीवर लागतो. सही करून स्वीकारलेली बिले लेखी करार म्हणून मान्य झाल्याची उदाहरणे आहेत, म्हणून पुन्हा तीच सही. देणेकरी कंपनी असेल आणि येणे किमान १ कोटीचे असेल तरच दिवाळखोरी संहितेचा रस्ता. आपल्यापैकी बहुतेकांना तो लागू नाही.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसलेल्यांनी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चे कलम १२ वाचावे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील व न्यायालयीन खर्च मिळतो. १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातीतून धम्मात आलेल्यांनाही हे लागू आहे. जातीचा दाखला लागतो. हेल्पलाइन १५१००. तालुक्याच्या न्यायालयातही समितीचे कार्यालय असते. दावा न लावता थेट लोकअदालतीत अर्ज करता येतो, आणि तिथे झालेली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखीच असते. तिच्यावर अपील नाही.

चेक वटला नाही तर तारखा पाठ हव्यात. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, आणि ते संपल्यापासून एका महिन्यात न्यायालयात तक्रार. एखादी तारीख हुकली की प्रकरण उगाच अडखळते. चेकची स्वतःची मुदत तीन महिने. तक्रार तुमचे खाते ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात करता येते, त्याच्या गावी जावे लागत नाही.

पोलीस ठाण्याचा रस्ता मात्र सहसा फुकट जातो. पैसे न देणे म्हणजे फसवणूक नव्हे. व्यवहाराच्या सुरुवातीलाच बुडवायचा हेतू होता, खोटे नाव-पत्ता दिला, दुसऱ्याची साईट आपली म्हणून दाखवली, असे काही असेल तर गुन्हा होतो. विकलेल्या मालाचे पैसे दिले नाहीत म्हणून विश्वासघाताचा गुन्हा बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या दिल्ली रेस क्लब निकालात पुन्हा सांगितले. आणि रात्री जाऊन आपला माल परत उचलून आणू नका. माल एकदा त्याच्या ताब्यात देऊन विक्री पुरी झाली की तो त्याचा. तुमच्यावरच चोरीची तक्रार होईल.

पैसे मागायला गेल्यावर जातीवरून शिवीगाळ झाली, तर ती वेगळी बाब आहे आणि वेगळीच ठेवावी. वसुलीसाठी दाब म्हणून ॲट्रॉसिटीचा कायदा वापरायचा नसतो. पण पैशाचा वाद आहे एवढ्यावरून जातिवाचक शिवीगाळ दिवाणी होत नाही. साक्षीदार कोण होते, लोकांच्या देखत घडले का, हे त्याच दिवशी लिहून काढावे आणि तक्रारीत हिशोबाचा पाल्हाळ लावू नये.

आपणच खरेदीदार असतो तेव्हा

विहाराचे बांधकाम, समाजमंदिराची दुरुस्ती, जयंतीचा मंडप. इथे देणेकरी आपली समिती असते. सिमेंट उधारीवर येते, वर्गणी ठरल्याप्रमाणे जमत नाही, मध्येच कार्यकारिणी बदलते आणि नवे पदाधिकारी म्हणतात, जुन्यांनी मागवले ते जुन्यांना विचारा. ट्रस्ट नोंदणीकृत असेल आणि काम ठरावाने झाले असेल तर देणे ट्रस्टचे राहते, पदाधिकारी कोणीही असोत. समिती नोंदणीकृतच नसेल तर ज्याने माल मागवला त्याच्याकडेच बोट जाते. आणि तो बहुधा धावपळ करणारा एखादा तरुण कार्यकर्ता असतो. त्याने स्वतःच्या फोनवरून ऑर्डर देण्याआधी ठरावाची प्रत हातात घ्यावी, बिल समितीच्या नावाने मागावे आणि पैसे समितीच्या खात्यातून जाऊ द्यावेत. विटावालाही बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो.

करारपत्र मागायचा संकोच वाटत असेल तर काम सुरू करायच्या आदल्या रात्री असा एक संदेश पाठवा : "दादा, आज ठरल्याप्रमाणे उद्यापासून तुमच्या अमुक साईटवर विटा टाकतो. दर हजारी इतका, वाहतूक धरून. बिल तुमच्या फर्मच्या नावाने, पैसे बिलापासून १५ दिवसांत. चलनावर सुपरवायझरची सही घेईन. बरोबर आहे ना?" समोरून "हो" आले, नुसता अंगठा आला, किंवा उत्तर न देता दुसऱ्या दिवशी त्याने गाडी उतरवून घेतली, तरी वकिलाला दाखवायला तुमच्याकडे काहीतरी असते.